बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये खेळाडू निवडतात कसे, आणि त्यावरून दरवर्षी भांडणं का होतात? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जानेवारीत निकाल लागला की तेच प्रश्न पुन्हा येतात. काही अमेरिकेत नव्याने आलेल्यांचे, काही मुलांमुळे बेसबॉल बघायला लागलेल्या आईबाबांचे, काही सगळे आकडे तोंडपाठ असूनही चिडलेल्यांचे. सोपे प्रश्न आधी घेतलेत, वादाचे नंतर. ज्याचं उत्तर दुसरीकडे येऊन गेलंय तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. हे हॉल ऑफ फेम म्हणजे नक्की काय? सरकारी सन्मान आहे का?

नाही. आपल्या पद्म पुरस्कारांशी त्याचा काही संबंध नाही. न्यूयॉर्क राज्यात कूपरस्टाउन नावाचं छोटंसं गाव आहे, तिथलं हे खासगी, ना-नफा तत्त्वावर चालणारं संग्रहालय. मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगशी त्याचे जवळचे संबंध आहेत, पण संस्था वेगळी आणि संचालक मंडळही वेगळं. हे वेगळेपण प्रश्न १२ मध्ये कामाला येईल. पहिली निवडणूक १९३६ मध्ये झाली, इमारतीचं उद्घाटन १२ जून १९३९ रोजी. कूपरस्टाउनच का? तर ॲबनर डबलडे नावाच्या माणसाने १८३९ मध्ये या गावात बेसबॉल शोधून काढला, अशी कथा होती म्हणून. ती कथा खोटी आहे हे इतिहासकारांनी केव्हाच दाखवून दिलंय. म्हणजे चारित्र्य तपासून माणसं आत घेणारी ही संस्था उभी आहे ती एका थापेवर. मला हे फार आवडतं.

२. मत कोण देतं? प्रेक्षक? माजी खेळाडू?

दोघंही नाहीत. मुख्य निवडणुकीत मत देतात ते बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार. ‘बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिका’ या संघटनेचं सलग १० वर्षं सदस्यत्व असलं की मत मिळतं. १९३६ मध्ये याला अर्थ होता. टीव्ही नव्हता, आणि गावोगावी संघाबरोबर फिरून शेकडो सामने डोळ्यांनी पाहिलेली माणसं म्हणजे वार्ताहरच. आज कुणीही घरबसल्या प्रत्येक सामना बघू शकतं, तरी हक्क त्यांच्याकडेच आहे. समालोचकांना मत नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’सारखी काही वृत्तपत्रं तर आपल्या वार्ताहरांना मत देऊच देत नाहीत. बातमी द्यायची, घडवायची नाही, हा त्यांचा मुद्दा.

पूर्वी एकदा मिळालेलं मत जन्मभर टिकायचं. लिखाण कधीच सोडून दिलेली मंडळीही मतं टाकायची. २०१५ मध्ये नियम बदलला आणि काम थांबवून १० वर्षं झालेल्यांचं मत गेलं. एका फटक्यात टाकलेल्या मतांची संख्या ५४९ वरून ४४० वर आली.

३. निवडून यायला किती मतं लागतात?

७५ टक्के. एक मतदार जास्तीत जास्त १० नावांवर खूण करू शकतो. एकाही नावावर केली नाही तरी चालतं (प्रश्न ७). टक्केवारी वर ढकलत नाहीत. २०१४ मध्ये क्रेग बिजिओला ५७१ पैकी ४२७ मतं मिळाली, म्हणजे ७४.८ टक्के. लागत होती ४२९. दोन मतांसाठी त्याला वर्षभर थांबावं लागलं.

४. खेळाडूचं नाव मतपत्रिकेवर येतं कसं?

तीन चाळण्या आहेत. मेजर लीगमध्ये किमान १० हंगाम खेळलेला हवा, निवृत्त होऊन ५ वर्षं झालेली हवीत, आणि सहा जणांच्या छाननी समितीपैकी किमान दोघांनी त्याचं नाव सुचवलेलं हवं. एकदा आलेलं नाव जास्तीत जास्त १० वर्षं राहतं. २०१४ पर्यंत ही मुदत १५ वर्षांची होती.

५. पाच टक्क्यांची काय भानगड आहे?

आपल्याकडे निवडणुकीत डिपॉझिट जप्त होतं ना, तसं. ५ टक्क्यांपेक्षा कमी मतं पडली की नाव कायमचं उडतं, दुसरी संधी नाही. उरतो तो फक्त समितीचा रस्ता (प्रश्न १३).

यात खरोखरचे बळी गेलेत. डेट्रॉइटचा लू व्हिटेकर २००१ मध्ये २.९ टक्क्यांवर बाद झाला. केनी लॉफ्टन २०१३ मध्ये ३.२ टक्क्यांवर. लॉफ्टनचं नशीब असं की त्याच वर्षी बॉन्ड्स, क्लेमेन्स (प्रश्न ९), पिआझा, बिजिओ, शिलिंग आणि सोसा अशी बडी नावं पहिल्यांदा मतपत्रिकेवर आली. मतदाराच्या हातात नावं दहाच. अकराव्या नंबरवर असलेल्या माणसाला ‘तू नालायक आहेस’ असं कुणीच म्हटलेलं नसतं, पण मोजणीत शून्य आणि अकरावा नंबर सारखाच दिसतो. दहाची मर्यादा आणि पाच टक्क्यांची कात्री एकत्र चालवणं हा माझ्या मते या पद्धतीतला सगळ्यात मूर्ख भाग आहे. दोन्हींपैकी एक काढून टाका, कुठलंही.

६. माणूस निवृत्त झालाय, आकडे तेच आहेत, मग मतं दरवर्षी वाढतात कशी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो विचारणारा बहुतेक वेळा वैतागलेला असतो. स्कॉट रोलनला २०१८ मध्ये १०.२ टक्के मतं होती, २०२३ मध्ये ७६.३. मधल्या पाच वर्षांत त्याने एकही चेंडू झेलला नव्हता.

कारणं दोन-तीन आहेत. एक, गर्दी कमी होते: वरचे लोक निवडून गेले की दहातली जागा मोकळी होते. दोन, मतदार बदलतात. जुने जातात, तरुण येतात, आणि तरुण वेगळे आकडे बघतात. पूर्वी हिशोब सोपा होता: ३,००० हिट (चेंडू मारून बेस गाठणं), ५०० होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) किंवा पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, ३०० विजय असले की दार उघडलंच. आता ‘वॉर’ नावाचा आकडा बघतात. या खेळाडूच्या जागी सहज मिळणारा कुणी साधा बदली खेळाडू असता तर संघाने किती सामने कमी जिंकले असते, त्याचा तो अंदाज. त्यात क्षेत्ररक्षण येतं, धावणं येतं, मैदान बॅटिंगला सोपं की अवघड तेही येतं. रोलन तिसऱ्या बेसवर काय करत होता ते होम रनच्या रकान्यात दिसत नव्हतं, इथे दिसलं.

तिसरं कारण भावनिक. शेवटचं वर्ष आलं की मतदार विरघळतात. टिम रेन्स (२०१७), एडगर मार्टिनेझ (२०१९), लॅरी वॉकर (२०२०) आणि बिली वॅग्नर (२०२५) हे चौघंही दहाव्या वर्षी आत गेले. याला कुणी ढोंग म्हणतं. मला तसं वाटत नाही. दहा वर्षं वाद घालून शंभर-दोनशे माणसांनी मत बदललं, तर त्यालाच विचार करणं म्हणतात.

७. बेब रूथलासुद्धा सगळ्यांनी मत दिलं नव्हतं, हे खरं का?

खरं. १९३६ मध्ये २२६ मतदार होते. टाय कॉबला २२२ मतं, रूथ आणि होनस वॅग्नरला प्रत्येकी २१५. म्हणजे रूथचं नाव ११ जणांनी लिहिलं नाही. ज्याच्या नावाने आज पिचरचा सगळ्यात मोठा पुरस्कार दिला जातो, तो साय यंग तर त्या वर्षी निवडूनच आला नाही, १९३७ मध्ये आला. १९७९ मध्ये विली मेजला २३ जणांनी वगळलं, १९८२ मध्ये हँक ॲरनला ९ जणांनी.

हळूहळू ती रूढीच झाली: ‘रूथला शंभर टक्के नाहीत, मग याला कशाला?’ ही गाठ सुटली २०१९ मध्ये, मारिआनो रिवेराला ४२५ पैकी ४२५ मतं पडली तेव्हा. तो आजवरचा एकमेव. पुढच्याच वर्षी डेरेक जीटरचं एक मत हुकलं (३९७ पैकी ३९६), आणि २०२५ मध्ये इचिरो सुझुकीचंही (३९४ पैकी ३९३).

कोरी मतपत्रिकाही एकूण मतांत धरली जाते, त्यामुळे तिचा फटका सगळ्यांनाच बसतो. २०२१ मध्ये ४०१ पैकी १४ मतपत्रिका कोऱ्या आल्या आणि त्या वर्षी कुणीच निवडून आलं नाही. सगळ्यात पुढे होता कर्ट शिलिंग, २८५ मतं, ७१.१ टक्के. कोऱ्यांमुळे त्याचं गेलं असं सांगणारे भेटतात. मी गणित करून पाहिलं. त्या १४ वगळल्या तरी ७३.६ टक्केच होतात.

८. कुणी कुणाला मत दिलं ते कळतं का?

मतदाराने स्वतः सांगितलं तर. बरेचजण निकालाआधीच यादी जाहीर करतात आणि हौशी मंडळी त्यांची रोजच्या रोज बेरीज मांडतात. सक्ती मात्र नाही. संघटनेच्या सदस्यांनी २०१६ मध्येच सगळी मतं उघड करायचं ठरवलं होतं, पण हॉल ऑफ फेमच्या संचालक मंडळाने ते फेटाळलं. म्हणून जीटर आणि इचिरोला वगळणारे ते दोघं कोण, हे आजही गुलदस्त्यात आहे. रोज दुसऱ्यांच्या कामगिरीवर सही करून टीका छापणाऱ्यांना स्वतःच्या मताखाली सही नको, हे काही पटत नाही.

९. सगळ्यात जास्त होम रन मारणारा माणूस आत नाही? कसं शक्य आहे?

बॅरी बॉन्ड्स: ७६२ होम रन, सात वेळा मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. रॉजर क्लेमेन्स: ३५४ विजय, सात साय यंग पुरस्कार. दोघंही २०२२ मध्ये दहाव्या आणि शेवटच्या वर्षी बाहेर पडले. बॉन्ड्सला ६६ टक्के, क्लेमेन्सला ६५.२.

कारण स्टेरॉइड्स, म्हणजे ताकद वाढवणारी औषधं. दोघांनीही जाणूनबुजून घेतल्याचं कधी मान्य केलं नाही, दोघांवर बेसबॉलने कधी बंदीही घातली नाही. पण चौकशा, खटले आणि बेसबॉलमधल्या स्टेरॉइड्सवरचा डिसेंबर २००७ चा मिचेल अहवाल यांनंतर त्यांच्यावर विश्वास ठेवणारे फारसे उरले नाहीत. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: मेजर लीगमध्ये दंडासकट चाचणी सुरू झाली २००४ मध्ये. त्याआधीच्या काळात कुणी काय घेतलं याचा पुरावा जवळपास नाहीच, आणि तेव्हा संघांचे मालक, लीगचे प्रमुख म्हणजे आयुक्त आणि हेच पत्रकार टाळ्या वाजवत होते.

मतदारांचे ढोबळमानाने तीन गट पडले. पहिला: फसवणूक ती फसवणूक, कधीच नाही. दुसरा: चाचणी सुरू झाल्यावर पकडला गेला तरच नाही. ॲलेक्स रॉड्रिगेझ (६९६ होम रन, २०१४ चा अख्खा हंगाम निलंबित) आणि दोनदा सापडलेला मॅनी रामिरेझ अर्ध्या मतांपर्यंतही पोहोचले नाहीत ते यामुळे. तिसरा गट: मैदानावर जे घडलं ते घडलं, आपण न्यायाधीश नाही. मला मत असतं तर मी दुसऱ्या गटात असतो आणि बॉन्ड्सवर खूण केली असती. ती करताना हात कचरला नसता असंही नाही.

समितीनेही (प्रश्न १३) बॉन्ड्सला दोनदा नाकारलंय, डिसेंबर २०२२ आणि डिसेंबर २०२५ मध्ये. नव्या नियमाप्रमाणे पाचपेक्षा कमी मतं पडली की पुढची फेरी चुकते. म्हणजे बॉन्ड्स आणि क्लेमेन्सचा नंबर आता २०३१ च्या आधी नाही. तेव्हाही पाचाच्या आतच राहिले तर कायमचा पूर्णविराम.

१०. मग डेव्हिड ऑर्टिझ पहिल्याच वर्षी कसा गेला?

बॉन्ड्स ज्या दिवशी बाहेर पडला त्याच दिवशी, ७७.९ टक्क्यांनी. २००३ च्या प्राथमिक चाचणीच्या गुप्त यादीत ऑर्टिझचं नाव असल्याची बातमी आली होती. त्या चाचणीला दंड नव्हता, आणि तिच्या निष्कर्षांत शंकेला जागा असल्याचं आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. मतदारांनी तो आधार धरला. ऑर्टिझ सगळ्यांचा लाडका, बॉन्ड्स वार्ताहरांशी कायम तुसडा, याचा काही परिणाम झाला का? मतपत्रिकेवर तसा रकाना नसतो.

११. ते ‘चारित्र्य’ कुठल्या नियमात आहे? आत सगळे साधुसंत आहेत का?

नियम क्रमांक ५. मत देताना खेळाडूची कामगिरी, खेळण्याची क्षमता, सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य आणि संघासाठीचं योगदान बघावं, असं त्यात आहे. एकच वाक्य. चारित्र्य म्हणजे काय, त्याला वजन किती, मैदानाबाहेरचं धरायचं का, यावर अवाक्षर नाही. सगळी भांडणं इथून निघतात, कारण प्रत्येक मतदार ते वाक्य आपापल्या घरच्या तराजूवर तोलतो.

आत कोण आहे बघा. कृष्णवर्णीय खेळाडूंविरुद्ध मैदानात उतरायला नकार देणारा कॅप ॲन्सन. चेंडूला काहीबाही चोपडण्यासाठी प्रसिद्ध असलेला पिचर गेलॉर्ड पेरी. सगळ्यात शेवटी, १९५९ मध्ये, कृष्णवर्णीय खेळाडू घेणाऱ्या रेड सॉक्सचे मालक टॉम यॉकी. आणि स्टेरॉइडच्या काळात आयुक्तपदी असलेले बड सीलिग, जे २०१७ मध्ये सन्मानाने आत गेले. सीलिग निवडून आल्यावर काही मतदारांनी उघडपणे म्हटलं की ज्याच्या राज्यात हे झालं तो आत असेल तर बॉन्ड्सला अडवायला आम्हाला तोंड नाही.

शिक्षा किती काळ, हेही ठरलेलं नाही. २०१७ च्या ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी प्रतिस्पर्धी संघाचा कॅचर आपल्या पिचरला करतो त्या खुणा कॅमेऱ्याने चोरल्या. कार्लोस बेल्ट्रान त्यातला प्रमुख खेळाडू म्हणून अधिकृत अहवालात नावानिशी आला. २०२३ मध्ये त्याला ४६.५ टक्के मतं, २०२५ मध्ये ७०.३, आणि २०२६ मध्ये तो निवडून आला. म्हणजे खुणा चोरल्याची शिक्षा तीन वर्षं बाहेर उभं राहणं, अशी पट्टी आपोआप पडली. ती कुणी ठरवली? कुणीच नाही.

१२. पीट रोज मेल्यावर माफ झाला म्हणे. आता तो आत जाणार का?

पीट रोजच्या ४,२५६ हिट आहेत, इतक्या कुणाच्याच नाहीत. सिनसिनाटी संघाचा व्यवस्थापक (मुख्य प्रशिक्षकासारखं पद) असताना बेसबॉलवर सट्टा लावल्याबद्दल २४ ऑगस्ट १९८९ रोजी त्याच्यावर कायमची बंदी आली. पण बंदी घातली मेजर लीगने. हॉल ऑफ फेम वेगळी संस्था (प्रश्न १). म्हणून १९९१ मध्ये, रोजचं नाव मतपत्रिकेवर येण्याच्या जेमतेम आधी, हॉलने स्वतःचा नियम केला: बंदीच्या यादीत असलेला माणूस उमेदवारच होऊ शकत नाही. १९९२ मध्ये ४१ जणांनी तरीही त्याचं नाव हाताने लिहिलं. ती मतं मोजली गेली नाहीत. तिघांनी निषेध म्हणून कोऱ्या मतपत्रिका पाठवल्या, त्यात त्या वर्षीचा उमेदवार टॉम सीव्हर एकमताने निवडून येण्याची आशा संपली.

रोज ३० सप्टेंबर २०२४ रोजी गेला. मे २०२५ मध्ये मॅनफ्रेड यांनी ठरवलं की कायमची बंदी मृत्यूबरोबर संपते. त्यामुळे रोजसह १७ जण मोकळे झाले, १९१९ च्या सामनेनिश्चितीतला ‘शूलेस’ जो जॅक्सनही. पत्रकारांची मुदत कधीच उलटून गेलीय, तेव्हा दोघांचा फैसला समितीच करू शकते, तोही डिसेंबर २०२७ च्या आधी नाही.

१३. समितीतून वशिल्याने माणसं घुसवतात, यात तथ्य किती?

काही वेळा पुरेपूर. समिती १६ जणांची, आत जायला १२ मतं. तिच्यात हॉलमध्ये असलेले माजी खेळाडू, संघांचे अधिकारी आणि मोजके पत्रकार-इतिहासकार असतात. पत्रकारांकडून सुटलेल्यांना न्याय द्यायला ती आहे, आणि बऱ्याचदा देतेही.

पण हॅरल्ड बेन्सचं उदाहरण घ्या. चांगला बॅटर, २,८६६ हिट. पत्रकारांकडून मात्र त्याला कधी ६.१ टक्क्यांपेक्षा जास्त मिळाले नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये समितीने त्याला बरोबर १२ मतांनी आत घेतलं. त्या समितीत बेन्सच्या जुन्या संघाचे, व्हाइट सॉक्सचे मालक जेरी राइन्सडॉर्फ होते, आणि दोन संघांत बेन्सचे व्यवस्थापक राहिलेले टोनी ला रुसाही. बेन्स स्वतःच चकित झाला होता. सत्तरच्या दशकात माजी खेळाडू फ्रँकी फ्रिशने समितीत बसून जुन्या सवंगड्यांची रांगच लावली. जेसी हेन्स, चिक हेफी, जॉर्ज केली ही त्यातली नावं. तोटा असा की पुढचा प्रत्येक वकील म्हणतो, ‘बेन्स आत आहे, मग माझा का नको?’

१४. ज्यांना मेजर लीगमध्ये खेळूच दिलं नाही, त्या कृष्णवर्णीय खेळाडूंचं काय?

१९४७ पर्यंत दार बंदच होतं, मग १० हंगाम आणणार कुठून? १९६६ मध्ये टेड विल्यम्सने स्वतःच्या सत्काराच्या भाषणात सॅचेल पेज आणि जॉश गिब्सनची नावं घेऊन हा प्रश्न मांडला. १९७१ मध्ये पेजची निवड झाली. आधी बेत होता त्यांना वेगळ्या दालनात ठेवायचा. म्हणजे गावाबाहेर वस्ती तशी. ओरड झाल्यावर तो सोडून दिला. २००६ मध्ये खास समितीने एकदम १७ जणांना घेतलं. त्यातल्या संघमालक एफा मॅनली या हॉलमधल्या आजवरच्या एकमेव स्त्री.

त्या वेळी बक ओनील मात्र राहिला. आयुष्यभर या विसरलेल्या खेळाडूंच्या गोष्टी सांगत फिरलेला ९४ वर्षांचा माणूस. त्या १७ जणांच्या वतीने समारंभात बोलायला तोच उभा राहिला, कडवटपणाचा लवलेश नव्हता. ऑक्टोबरमध्ये गेला. त्याची निवड झाली ती डिसेंबर २०२१ मध्ये.

१५. शोहेई ओतानी उद्या थांबला तर? जपानमधले हंगाम धरतात का?

जपानमधले धरत नाहीत. ओतानी मेजर लीगमध्ये २०१८ मध्ये आला, म्हणजे त्याचा दहावा हंगाम २०२७. मात्र हंगामात किती सामने हवेत हे नियमात नाही, हजेरी लागली की झालं.

अपवाद मृत्यूचे आहेत. पिचर ॲडी जॉस १९११ मध्ये नऊ हंगामांनंतर वारला. १९७८ मध्ये अट शिथिल करून त्याला घेतलं. निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना रोबेर्तो क्लेमेन्ते ३१ डिसेंबर १९७२ रोजी विमान अपघातात गेला. त्याच्यासाठी पाच वर्षांची वाट न बघता १९७३ मध्ये खास निवडणूक झाली. हॉलमध्ये निवडलेल्या प्रत्येकाची पाटी भिंतीवर लागते. क्लेमेन्तेच्या पाटीवर नाव अमेरिकन पद्धतीने उलटसुलट लागलं होतं. २००० मध्ये ते ‘रोबेर्तो क्लेमेन्ते वॉकर’ असं दुरुस्त झालं.

१६. एकदा आत गेलेल्याला बाहेर काढता येतं का?

आजवर कुणालाही काढलेलं नाही. २०२१ मध्ये रॉबेर्तो अलोमारला मेजर लीगने बंदीच्या यादीत टाकलं, तरी त्याची पाटी भिंतीवर आहे. यादी आत येऊ देत नाही, आलेल्याला हलवतही नाही.

१७. क्रिकेटच्या हॉल ऑफ फेमवर एवढं रणकंदन का होत नाही?

आयसीसीचा हॉल ऑफ फेम २००९ चा. गावसकर पहिल्याच यादीत, तेंडुलकर २०१९ मध्ये. पाच वर्षं थांबण्याची अट तिथेही आहे. पण दरवर्षी मोजकी नावं जाहीर होतात. कुणाला किती मतं पडली, कोण किती फरकाने हरलं, ते आपल्याला कळत नाही. तेंडुलकरला चार जणांनी मत दिलं नाही अशी यादी एकदा छापून येऊ द्या, मग दादरपासून डॅलसपर्यंत काय होतं ते बघा.

१८. कूपरस्टाउनला गेलो तर बॉन्ड्स कुठेच दिसणार नाही का?

पाट्यांच्या दालनात नाही. बाकी संग्रहालयात त्याच्या खेळातल्या वस्तू आहेत, कारण ते इतिहासाचं संग्रहालय आहे. ऑगस्ट २००७ मध्ये त्याने ॲरनचा विक्रम मोडला, तो ७५६ वा चेंडू मार्क एको नावाच्या फॅशनवाल्याने साडेसात लाख डॉलरला विकत घेतला आणि त्याचं काय करायचं यावर लोकांकडून ऑनलाइन मतं घेतली. कौल पडला त्याप्रमाणे चेंडूच्या कातड्यात तारांकन कोरलं गेलं. विक्रमांच्या यादीत ‘तळटीप बघा’ सांगायला लावतात, ते. २००८ मध्ये संग्रहालयाने तो तसाच ठेवून घेतला. तिकीट सगळ्याचं मिळून एकच. पाट्या तळमजल्यावर, बाकीचं वरच्या दोन मजल्यांवर.